चढण आणि उतरण : कोलंबिया नदीतल्या माशांची गोष्ट

मृगाचा पाऊस लागून ओहळ तांबड्या पाण्याने वाहू लागले की गोव्या-कोकणातल्या गावांत चढणीच्या माशांची बोलणी सुरू होतात. प्रवाहाच्या उलट दिशेने, कातळावरून, शेताच्या बांधावरून उड्या घेत हे मासे वर चढतात ते अंडी घालण्यासाठी. त्यांना आपल्या भाषेत नाव आहे, ते पकडायच्या आणि रांधायच्या रीती आहेत. पण त्यांची पिल्ले पुढे केव्हा आणि कोणत्या वाटेने खाली उतरतात असे विचारले, तर सांगणारा सहसा सापडत नाही. कारण उघड आहे. चढणारा मासा मोठा असतो, डोळ्यांना दिसतो आणि ताटात येतो. उतरणारे पिल्लू बोटाएवढे असते. त्याच्याकडे कोण बघणार?

आपण बघत नाही याने आपल्या ओहळाचे काही बिघडत नाही. परंतु ज्या नदीवर धरणे बांधायची असतात, तिथे हे न बघणे फार महागात पडते. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या कोलंबिया नदीत नेमके हेच घडले. जलविद्युत धरणांतून मासे सुखरूप जावेत यासाठी तिथे जेवढा पैसा, जेवढे संशोधन आणि जेवढी कोर्टबाजी झाली, तेवढी जगातल्या क्वचितच एखाद्या नदीवर झाली असेल. तरीही ही गोष्ट अजून संपलेली नाही. ती का संपली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोलंबिया कॅनडातल्या डोंगरांत उगम पावते आणि सुमारे २००० किलोमीटर वाहून पॅसिफिक महासागराला मिळते. स्नेक ही तिची सर्वांत मोठी उपनदी, आयडाहोच्या पहाडांतून येणारी. या नद्यांचा राजा म्हणजे सॅमन. त्याच्या चिनूक, सॉकआय, कोहो अशा जाती आहेत आणि स्टीलहेड हा त्यांचा जवळचा भाऊबंद. सॅमनचा जन्म होतो डोंगरातल्या थंड, गोड्या पाण्यात. पिल्लू थोडे मोठे झाले की वसंतात बर्फ वितळून येणाऱ्या लोंढ्याबरोबर ते समुद्राकडे निघते. याच प्रवासात त्याच्या अंगात बदल होतो आणि खारे पाणी सोसण्याची ताकद त्याला येते. मग काही वर्षे समुद्रात चरून, धष्टपुष्ट होऊन ते पुन्हा आपल्याच नदीत शिरते आणि वासाच्या आठवणीवरून ज्या ओढ्यात जन्मले त्याच ओढ्यापर्यंत जाते. गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमन खाणे सोडतो. अंगातल्या चरबीवर सगळी चढण चढतो, अंडी घालतो आणि मरतो. आयडाहोतल्या रेडफिश लेक या सरोवराचा सॉकआय समुद्रापासून सुमारे १४५० किलोमीटर अंतर आणि साडेसहा हजार फूट उंची चढून जातो. आपल्याकडच्या पायी वारीशी तुलना करण्याचा मोह होतो, पण या वारीत परतीची वाट चालतात ती पुढच्या पिढीची पोरे.

गोरे लोक येण्यापूर्वी कोलंबियात दरवर्षी १ कोटी ते १ कोटी ६० लाख सॅमन आणि स्टीलहेड येत असावेत, असा अंदाज तिथल्या ऊर्जा-नियोजन परिषदेने १९८० च्या दशकात काढला. या माशांवर तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षे जगले. समुद्रापासून सुमारे ३२० किलोमीटर आत सिलायलो नावाचा धबधबा होता. तिथे नदी कातळांच्या चिंचोळ्या फटींतून कोसळत असे आणि कातळावर बांधलेल्या लाकडी मचाणांवरून लोक लांब दांड्यांच्या जाळ्यांनी मासे उचलत. कोणते मचाण कोणत्या घराण्याचे हे ठरलेले असे. आपल्या गावकरीच्या हक्कांसारखेच म्हणा ना. दूरदूरच्या टोळ्या तिथे सुकवलेला मासा घ्यायला येत. सिलायलो ही पेठ होती, देवस्थान होते आणि न्यायसभाही होती. पुराणवस्तूंच्या शोधावरून या जागेचा वापर दहा हजार वर्षांइतका जुना मानला जातो.

१८५५ साली गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याकामा, उमाटिला, नेझ पर्स आणि वॉर्म स्प्रिंग्ज या लोकांशी तह केले. या तहांनी त्यांची लाखो एकर जमीन गेली. पण वाटाघाटीत एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. आपल्या नेहमीच्या आणि वहिवाटीच्या जागी मासे पकडण्याचा हक्क आपल्याकडेच राहील, हे कलम त्यांनी तहात घालून घेतले. सरकारी कागद वाचण्याची सवय असलेल्याला ‘वहिवाट’ या शब्दाचे वजन सांगायला नको. जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली तरी वाट आणि वहिवाट उरते, हे आपल्या गावातला शेंबडा पोरही जाणतो. पुढे याकामा लोकांना नदीकाठच्या एका गोऱ्या मालकाने अडवले तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०५ साली न्यायालयाने सांगितले की हा हक्क सरकारने या लोकांना बहाल केलेला नाही, तो त्यांचाच होता आणि देताना त्यांनी तो स्वतःकडे राखून ठेवला. हा निकाल लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सॅमनचा ऱ्हास धरणांच्या आधीच सुरू झाला होता. १८६६ साली कोलंबियाच्या काठी मासे डबाबंद करण्याचा पहिला कारखाना निघाला आणि पुढच्या दोन दशकांत नदी अक्षरशः उपसली गेली. पाणचक्कीसारखी फिरणारी ‘फिश व्हील’ नावाची यंत्रे प्रवाहाच्या जोरावर रात्रंदिवस मासे उचलून टाकीत टाकीत असत. खाणी, लाकूडतोड, सिंचनाचे कालवे यांनी लहान ओढे नासवले. म्हणजे धरणांच्या माथी सगळे पाप मारणे बरोबर नाही. पण जाळ्यांवर बंदी घालता येते, कारखाना बंद पडू शकतो. भिंत मात्र तिथेच उभी राहते.

१९३० चे दशक अमेरिकेत मंदीचे. हाताला काम नाही, शेतकऱ्याच्या घरात दिवा नाही. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने कोलंबियावर मोठी धरणे हाती घेतली. मुख्य प्रवाहावरचे पहिले धरण, रॉक आयलंड, १९३३ साली एका वीज कंपनीने पुरे केले होते. त्याच वर्षी सरकारने समुद्राजवळच्या बाजूला बॉनव्हिल धरणाचे काम सुरू केले. २८ सप्टेंबर १९३७ रोजी रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नदीच्या अगदी खालच्या अंगाला असलेल्या या धरणापाशी मासे अडले असते तर वरचे सगळे खोरेच सॅमनला मुकले असते. मच्छीमार, डबाबंद कारखानदार आणि मत्स्यखात्याचे लोक यांनी ओरड केली आणि सरकारला ती ऐकावी लागली.

हारलन होम्स हा मत्स्यखात्यातला जीवशास्त्रज्ञ आणि मिलो बेल हा इंजिनियर, या दोघांचा बॉनव्हिलच्या शिड्यांच्या आखणीत मोठा वाटा होता. माशांची शिडी म्हणजे काय, तर एकापेक्षा एक एक फूट उंच अशा हौदांची रांग. पाणी वरच्या हौदातून खालच्यात पडत राहते आणि मासा एकेक पायरी चढत वर जातो. मध्ये दमला तर हौदात विसावतो. ऐकायला सोपे वाटते, पण खरी अडचण शिडी बांधण्याची नव्हती. माशाला शिडीचे दार सापडायचे कसे, ही अडचण होती. मासा जोराच्या प्रवाहाकडे ओढला जातो आणि धरणाखाली सर्वांत जोराचा प्रवाह असतो तो टर्बाइनमधून बाहेर पडणारा. म्हणजे बिचारा मासा वीजघराच्या भिंतीवरच डोके आपटत राहणार. म्हणून होम्स आणि बेल यांनी वीजघराच्या पूर्ण रुंदीभर, पाणी जिथे बाहेर पडते त्याच्या वरच्या अंगाला, माशांना गोळा करणारा एक कालवा आखला. त्याला जागोजागी तोंडे ठेवली आणि त्या तोंडांतून मुद्दाम जोराचे पाणी सोडण्याची सोय केली. मासा जिथे जाणारच, तिथे दार. याहून शहाणी युक्ती नसेल.

शिडी चालली. १९३८ पासून तिथे माणसे बसवून वर जाणारा मासा जातवार मोजला जाऊ लागला आणि ती मोजणी आजही चालू आहे. इतकी सलग नोंद फार थोड्या नद्यांची असेल. लोक सहकुटुंब धरण बघायला येत आणि मासे पायऱ्या चढताना पाहून खूश होऊन परत जात. वीजही मिळाली आणि मासाही वाचला, असेच सगळ्यांना वाटले.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला मात्र असे समाधानही कोणाच्या वाट्याला आले नाही. ग्रँड कूली धरणाचे काम त्याच १९३३ साली सुरू झाले आणि १९४२ पर्यंत ते उभे राहिले. उंची १६८ मीटर. एवढ्या उंचीला शिडी परवडणार नाही, चालणारही नाही, असे ठरले आणि शिडी न बांधताच भिंत उभी राहिली. त्या एका भिंतीने कॅनडापर्यंतची दीड हजार किलोमीटरहून अधिक लांबीची नदी आणि तिच्या उपनद्या सॅमनला कायमच्या बंद झाल्या. १९३९ पासून काही वर्षे खाली रॉक आयलंडपाशी मासे पकडून टाक्यांच्या ट्रकांतून दुसऱ्या उपनद्यांत नेऊन सोडले गेले आणि त्यासाठी मत्स्यबीज केंद्रे उघडली गेली. वरच्या भागातल्या केटल फॉल्स या धबधब्यावर कॉलव्हिल आणि इतर लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी होती. धबधबा पाण्याखाली जाण्यापूर्वी, जून १९४० मध्ये, हजारो लोक तिथे तीन दिवस जमले आणि त्यांनी धबधब्याला निरोप दिला. इतिहासात त्याची नोंद ‘अश्रूंचा समारंभ’ अशी आहे. भरपाईचा निवाडा झाला तो १९९४ साली. म्हणजे ज्यांनी निरोप दिला त्यांतले बहुतेक तोवर गेलेही असतील.

याच धरणांच्या प्रचारासाठी १९४१ साली सरकारी वीज खात्याने वुडी गथ्री या लोकगायकाला एका महिन्यासाठी नोकरीवर ठेवले. पगार २६६ डॉलर ६६ सेंट. त्याने त्या महिन्यात २६ गाणी लिहिली. सरकारी नोकराची एवढी कार्यक्षमता पाहून आम्हा कारकुनांना संकोच वाटतो! पण गथ्री खोटे बोलत नव्हता. त्या विजेने हजारो घरांत दिवे लागले, वाळवंटासारख्या जमिनी पिकल्या, आणि महायुद्धात विमानांसाठी लागणारे ॲल्युमिनियम त्याच विजेवर तयार झाले. धरणांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ होते आणि आहे, हे विसरून चालणार नाही.

युद्धानंतर धरणांची रांगच लागली. सिलायलोच्या खाली द डॅल्स नावाचे धरण बांधले गेले आणि १० मार्च १९५७ रोजी त्याचे दरवाजे बंद झाले. काही तासांत सिलायलो धबधबा पाण्याखाली गेला. काठावर उभे राहून लोकांनी तो बुडताना पाहिला, आणि मग एवढ्या हजार वर्षांत पहिल्यांदा तिथे पाण्याचा आवाज बंद झाला. चारही जमातींना मिळून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर भरपाई मिळाली. द डॅल्स धरणालाही शिड्या होत्या आणि त्या चांगल्या चालत होत्या. मासा वर गेला, पण ज्या कातळांवर तो पकडायची वहिवाट होती ते कातळच उरले नाहीत. म्हणजे उरले आहेत, पण जलाशयाच्या तळाशी. २००८ साली ध्वनिलहरींनी तळाचा नकाशा काढला तेव्हा ते जसेच्या तसे शाबूत दिसले.

आता येतो उतरणीकडे.

गोव्यातल्या खाजन शेतीत मानशीच्या दाराला जाळे लागते ते ओहोटीच्या वेळी, पाणी बाहेर पडू लागले की. उतरणारा मासा पाणी जाईल तिथूनच जाणार, हे आपल्या लोकांना शाळेत न जाता ठाऊक होते. कोलंबियावर उतरणारे पिल्लूही पाण्याबरोबरच जात होते आणि पाणी जात होते टर्बाइनमधून. सुरुवातीच्या काळात बऱ्याच जाणकारांचा समज असा की टर्बाइनची पाती मोठी आणि सावकाश फिरणारी, पिल्ले इवलीशी, तेव्हा ती सहज निसटतील. काही निसटतही. पण पात्याचा फटका हा एकच धोका नव्हता. टर्बाइनमध्ये पाण्याचा दाब क्षणार्धात उतरतो आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगून फाटते. जो जगतो तो खाली भोवंडून बाहेर पडतो आणि पक्ष्यांच्या, मोठ्या माशांच्या तोंडी जातो.

हे सगळ्यांत आधी तपासले ते शिडी आखणाऱ्या होम्सनेच. १९३८ ते १९४८ या काळात त्याने पिल्लांचे पर कातरून त्यांना खुणा केल्या. काही गट धरणाच्या वर सोडले, काही खाली, आणि काही वर्षांनी त्यातले किती परत येतात ते मोजले. बॉनव्हिल ओलांडताना ११ ते १५ टक्के पिल्ले दगावतात, असा त्याचा निष्कर्ष निघाला. हा अहवाल छापला गेला नाही. टंकलिखित प्रतीच्या रूपातच तो राहिला आणि पुढे अभ्यासक त्याचा उल्लेख ‘अप्रकाशित, १९५२’ असाच करीत आले.

सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. नोंदवहीत ज्याचा रकाना असतो तेच घडते, ज्याचा रकाना नसतो ते घडतच नाही. बॉनव्हिलला वर जाणाऱ्या माशाचा रकाना पहिल्या दिवसापासून होता. त्यासाठी माणूस नेमला होता, रोजचा आकडा वर जात होता. खाली जाणाऱ्या पिल्लांचा रकाना नव्हता. त्यामुळे कोणी लबाडी न करताही नोंदवही सांगत राहिली की सर्व ठीक आहे.

एका धरणाला १५ टक्के म्हणजे फारसे काही नाही असे वाटेल. पण जरा हिशेब करून पाहा. आयडाहोतून निघालेल्या पिल्लाला समुद्रापर्यंत आठ धरणे ओलांडावी लागतात, चार स्नेकवर आणि चार कोलंबियावर. प्रत्येक ठिकाणी शंभरातली पंधरा गेली असे धरले तर आठव्या धरणाखाली शंभरातली सत्तावीस उरतात. त्यातून समुद्रात जगून परत येणार किती? स्नेकवरची ती चार धरणे उभी राहिली १९६१ ते १९७५ या काळात. त्यांतले पहिले, आइस हार्बर, आमचा गोवा मुक्त झाला त्याच सालचे. त्यांच्यामुळे समुद्रापासून साडेसातशे किलोमीटर आत असलेले लुइस्टन हे गाव बंदर झाले आणि गव्हाने भरलेले तराफे तिथून थेट खाली जाऊ लागले. शिड्या होत्याच. पण वाहती नदी जाऊन तिथे एकाला एक लागून तलाव झाले. लोंढ्यावर स्वार होऊन काही दिवसांत समुद्र गाठणारे पिल्लू आता संथ, कोमट पाण्यात आठवडेच्या आठवडे रखडू लागले. खारे पाणी सोसण्याची ताकद येण्याचा काळ ठरलेला असतो. तो टळला की पुढचे सगळेच बिघडते.

मग पाणी टर्बाइनऐवजी सांडव्यावरून सोडावे, तर तिथे वेगळेच संकट. उंचावरून कोसळणारे पाणी हवेला आपल्याबरोबर खोल नेते आणि दाबाखाली ती हवा पाण्यात विरघळते. अशा पाण्यातल्या माशाच्या रक्तात बुडबुडे होतात, खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याला होतात तसे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे ध्यानात आले. त्यावर उपाय म्हणून सांडव्याच्या पायथ्याशी काँक्रीटचे ओठ बसवले गेले, त्यामुळे पाणी खोल न बुडता पृष्ठभागावरून पुढे फेकले जाते. टर्बाइनच्या तोंडाशी जाळ्या बसवून पिल्लांना वेगळ्या पाटात वळवण्याची सोय झाली. आणि सर्वांत अजब उपाय म्हणजे, धरणापाशी पिल्ले गोळा करायची, ट्रकांत आणि पुढे मोठ्या तराफ्यांत भरायची आणि आठही धरणांखाली नेऊन सोडायची. १९७७ च्या दुष्काळात हे फार मोठ्या प्रमाणावर झाले आणि नंतर नेहमीचेच झाले. तराफ्यात नदीचेच पाणी खेळते ठेवतात, वाटेचा वास माशाच्या आठवणीत राहावा म्हणून. नदीत मासा होडीने प्रवास करतो ही कल्पना आपल्या एखाद्या विनोदी लेखकालाही सुचली नसती.

इतके करूनही स्नेकमधला कोहो १९८० च्या दशकात संपला. रेडफिश लेकच्या सॉकआयचा तर १९९० साली एकही मासा परतला नाही. १९९१ च्या अखेरीस तो नष्टप्राय म्हणून जाहीर झाला. १९९२ साली एकच नर परतला. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘लोनसम लॅरी’, एकटा लॅरी. तळे ‘लाल माशांचे’, आणि त्यात मासा एक. त्याच्यासारख्या मोजक्या शेवटच्या माशांपासून बंदिस्त टाक्यांत पुढचा वंश जगवला गेला.

चित्र थोडे पालटले ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे १८५५ चा तो कागद. १९६९ साली न्यायाधीश रॉबर्ट बेलोनी यांनी आणि १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी तहाचा अर्थ लावून सांगितले की या जमातींचा माशांत न्याय्य वाटा आहे. बोल्ट यांनी तो निम्मा ठरवला. १९७७ साली चारही जमातींनी मिळून स्वतःचा मत्स्य आयोग स्थापला आणि स्वतःचे शास्त्रज्ञ नेमले. ज्यांना ‘मासे पकडणारे अडाणी’ म्हणून बाजूला ठेवले होते ते आता आकडे घेऊन समोर बसू लागले. १९८० च्या कायद्याने वीज आणि मासे यांना समान न्याय द्यावा असे ठरले.

दुसरी गोष्ट म्हणजे उतरणीचा रकाना अखेर उघडला गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तांदळाच्या दाण्याएवढी एक खूण पिल्लांच्या पोटात बसवता येऊ लागली. धरणातून जाताना तिचा क्रमांक आपोआप नोंदला जातो. त्यामुळे कोणते पिल्लू कोणत्या वाटेने गेले, जगले की नाही, परत आले की नाही, हे पहिल्यांदाच नीट कळू लागले. पिल्ले पाण्याच्या वरच्या थरातून पोहतात आणि टर्बाइनकडे जायला त्यांना खोल बुडी मारावी लागते. मग २००१ साली लोअर ग्रॅनाइट धरणावर पृष्ठभागावरचेच पाणी सांडणारा नवा दरवाजा बसवला. होम्स आणि बेल यांनी १९३० च्या दशकात चढणाऱ्या माशासाठी जे केले, मासा जिथे जाणारच तिथे दार, तेच उतरणाऱ्या माशासाठी व्हायला साठ वर्षे लागली. २००५ साली न्यायाधीश जेम्स रेडन यांनी उन्हाळ्यातही सांडव्यावरून पाणी सोडण्याचा आदेश दिला. सांडव्यावरून गेलेले पाणी म्हणजे न झालेली वीज, म्हणून भांडण पेटले आणि ते आजही आहे.

निकाल काय? २०१४ साली बॉनव्हिलवरून सुमारे २५ लाख मासे वर गेले, १९३८ पासूनचा उच्चांक. पण त्यांतले बरेचसे मत्स्यबीज केंद्रांतले. रानटी माशांच्या अनेक जाती अजून धोक्याच्या यादीत आहेत. दुसऱ्याच वर्षी, २०१५ च्या उन्हाळ्यात, तलावांचे पाणी इतके तापले की सुमारे अडीच लाख सॉकआय वाटेतच मेले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकार, दोन राज्ये आणि चार जमाती यांच्यात मोठा समझोता झाला. स्नेकवरची चार धरणे पुढे कधी काढावी लागली तर त्यांच्या विजेला पर्याय काय, याची तयारीही त्यात होती. जून २०२५ मध्ये नव्या सरकारने त्यातून अंग काढून घेतले आणि प्रकरण पुन्हा कोर्टात गेले.

या कथेचा आपल्याशी काय संबंध असे कोणी विचारील. संबंध आहे. कोलंबियावर गाजलेली शिडी जगभर नमुना म्हणून गेली. थायलंडमध्ये मून नदीवरच्या पाक मून धरणाला (१९९४) शिडी बांधली गेली. मेकाँगच्या खोऱ्यातल्या शेकडो जातींच्या माशांना ती उपयोगी पडली नाही, वरच्या भागातली मासेमारी कोसळली आणि लोकांच्या आंदोलनानंतर धरणाचे दरवाजेच उघडावे लागले. आपल्या गंगेत हिलसा पूर्वी अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही वर चढत असे. १९७५ साली फरक्का बंधारा सुरू झाला, तो वीजनिर्मितीसाठी नव्हे तर पाणी वळवण्यासाठी. पण माशाला भिंत ती भिंतच. माशांसाठी ठेवलेली सोय कामी आली नाही आणि वरच्या गंगेतला हिलसा नावापुरता उरला. हिलसा सॅमनसारखी उडी मारत नाही. एकाच्या अंगाला बेतलेला सदरा दुसऱ्याला होत नाही.

काही ठिकाणी लोकांनी शेवटचा उपाय केला. एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढली. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत काढून झाली आणि त्याच शरद ऋतूत चिनूक शंभरेक वर्षांनी वरच्या पाण्यात दिसले. ती धरणे जुनी होती, वीज थोडी होती, दुरुस्तीचा खर्च मोठा होता. प्रत्येक धरणाचा हिशेब असा सोपा नसतो. ग्रँड कूली कोणी पाडणार नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कॉलव्हिल लोकांनी काही चिनूक ट्रकने आणून ग्रँड कूलीच्या वरच्या पाण्यात आपल्या हातांनी सोडले. केटल फॉल्सला निरोप देऊन तेव्हा एकोणऐंशी वर्षे झाली होती. त्या माशांची पिल्ले एवढ्या उंच भिंतीवरून खाली कशी उतरवायची, हा प्रश्न आता त्यांचे शास्त्रज्ञ सोडवत बसले आहेत.

म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. एखाद्या नदीवर बंधारा होणार असतो, अहवालात ‘माशांसाठी शिडीची तरतूद केली आहे’ असे एक वाक्य असते आणि ते वाचून आपण निश्चिंत होतो. तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारावेत. कोणता मासा चढणार आहे, आणि त्याची पिल्ले कुठून उतरणार आहेत? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्याच्या उत्तराला फारसा अर्थ राहत नाही. हे शिकायला कोलंबियाला आठ धरणे लागली.